एका टोपीने ऐकलेली धून

मी एक जुनी टोपी आहे, मित्रांनो. पण उन्हातान्हात डोक्यावर घालायची टोपी नव्हे. मला घालून कुणी रस्त्यावर गेलेच, तर लोक वळून वळून बघतील. माझे कापड पोहण्याच्या पोशाखासारखे ताणले जाणारे आहे. एके काळी ते निळे होते. त्यावर जागोजागी बटणांएवढ्या चकत्या शिवलेल्या आहेत आणि प्रत्येक चकतीतून एक बारीक तार निघते. या सगळ्या तारा माझ्या मागच्या बाजूला एकत्र येतात आणि त्यांची एक जाड वेणी होते. वेणीचे टोक एका पेटीत खोचतात आणि पेटी संगणकाला जोडतात. माणसाच्या मेंदूत अतिशय क्षीण अशी वीज सतत खेळत असते. कवटी आणि कातडी ओलांडून तिचा जो काही अंश वर पोहोचतो, तो टिपायचा, हे माझे काम.

मला शिवणाऱ्या बाईला हे काम मुळीच पटले नव्हते. माझ्यात शेवटची चकती बसवताना ती शेजारणीला म्हणाली, "ही घालून बसणाऱ्याचं डोकं फिरलेलं असणार." शेजारीण म्हणाली, "शिवणाऱ्यांचं फिरलंय त्याचं काय?" दोघी हसल्या आणि माझ्या कानाजवळची शिवण जराशी वाकडी गेली. ती आजही तशीच आहे.

तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. तळमजल्यावरची, खिडकी नसलेली खोली होती. मध्ये एक मोठी खुर्ची, कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन, आणि फळीवर थर्माकोलचे एक गुळगुळीत डोके. त्याला सगळे टकलू म्हणत. काम झाले की मला कोमट पाण्यात धुवायचे, वीज नीट पोहोचावी म्हणून चकत्यांत भरलेले चिकट जेल मऊ ब्रशने काढायचे आणि टकलूच्या डोक्यावर चढवून वाळवायचे, अशी तिथली पद्धत. जागा कमी, म्हणून हेडफोनही त्याच्याच कानांवर अडकवत.

खुर्चीत बसणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, "यातून माझ्या मनातलं कळणार का?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सगळ्यांना एकच उत्तर देत, "काल तू काय जेवलास तेसुद्धा कळणार नाही." ते खरेच होते, मित्रांनो. मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीबाहेर उभे राहिल्यावर तुम्हाला काय ऐकू येईल? गलका ऐकू येईल. कुणीतरी जिंकले, कुणीतरी पडले, घंटा झाली, एवढे कळेल. पण जिन्याखाली बसून एक मुलगी दुसरीला काय सांगते आहे, ते कळणार नाही. मीही अशीच भिंतीबाहेर उभी असते.

मॅडमचे संशोधन छोट्या छोट्या आवाजांवर चाले. कानात 'टिंग' वाजवायचे आणि मेंदूचे उत्तर किती वेळाने येते ते बघायचे. मी हे काम चोख करी. "आमची जुनी टोपी नव्या दोघींना भारी आहे," असे मॅडम पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझे ताणलेले कापड आणखी ताणल्यासारखे वाटे.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दोघे आली.

दर सुट्टीत मॅडम कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना संशोधन शिकवत. सुट्टी संपताना त्यांनी आपापले काम मोठ्या पोस्टरवर मांडून सगळ्यांना समजावून सांगायचे. त्या वर्षीची मुलगी संगणकशास्त्र शिकत होती. तिला सगळे मुंगी म्हणत. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेले. ते पियानो सुरात लावण्याचे काम करीत आणि लहानपणी ही त्यांच्या पिशवीतली हत्यारे एकेक करून घरभर वाहून नेई. मुलगा संगीत शिकत होता. व्हायोलिन चांगले वाजवी, पण शिट्टी भयंकर. पहिल्याच दिवशी ती ऐकून मुंगीने त्याला बेसूर म्हणायला सुरुवात केली, आणि तेच टिकले.

दोघांचे काम असे होते. माणसाला तीन धुना ऐकवायच्या. त्याच्या मेंदूची वीज मी टिपायची. मुंगीने लिहिलेल्या प्रोग्रॅमने नुसत्या त्या विजेच्या चढउतारांवरून ओळखायचे की आत्ता कोणती धून चालू आहे. ओळख बरोबर आली की पडद्यावरचे वर्तुळ हिरवे होई, चुकली की करडे.

पहिले डोके बेसूरचेच होते.

"डोळे मिचकावू नकोस," मुंगी म्हणाली.

"जेल ओघळतंय गं मानेवर. बाळाने लाळ गाळल्यासारखं वाटतंय."

"मग लाळ समज. पण हलू नकोस. तुझ्या भुवईने माझा आलेख बिघडतोय."

"माझ्या भुवईला एवढं महत्त्व आजवर कुणी दिलं नव्हतं."

वर्तुळ हिरवे झाले. पुन्हा हिरवे. मग इतर विद्यार्थी बसले, त्यांचेही हिरवे. एवढे चांगले निकाल मॅडमनीही पाहिले नव्हते. "फारच चांगलं येतंय," असे त्या म्हणाल्या, आणि त्या 'फारच'वर किंचित थांबल्या. पण प्रयोगशाळेत आनंदाचे दिवस मोजकेच असतात. त्या दिवशी कुणी खोलात गेले नाही.

तीन धुनांपैकी एक धून तुम्ही कुठेही ऐकलेली नसेल. मुंगीच्या बाबांनी ती स्वतः बांधली होती. पियानो सुरात लावून झाला की तो तपासायला ते ती वाजवत. खालच्या जाड स्वरांपासून निघून, मधे जरा रेंगाळून, वरच्या बारीक स्वरांपर्यंत जाणारी छोटीशी धून. शेजारच्या घरातला पियानो लावताना कुणीतरी तिचे रेकॉर्डिंग केले होते, म्हणून ती उरली होती. कारण त्या वर्षीच्या थंडीत एका सभागृहातला पियानो लावताना बाबा स्टुलावरून कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून ते इस्पितळात होते. श्वास आपला आपण घेत. डोळे उघडत, पण बघत कुठेच नसत. हात दाबा म्हटले तर दाबत नसत. त्यांना काही कळते की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

तुमच्या लक्षात आलेच असेल, मित्रांनो, मुंगीने हेच काम का निवडले होते.

एका दुपारी मला धुता धुता तिने मॅडमना विचारले, "आपलं हे बाबांवर करून बघता येईल का?"

मॅडमनी नळ बंद केला. "तुला काय सापडायला हवंय, ते मला माहीत आहे. मला त्याचीच भीती वाटते."

"मला खरं काय ते हवंय."

"ते सगळेच म्हणतात." मग त्या म्हणाल्या, "इस्पितळाची परवानगी मी काढते. तुझ्या आईची सही लागेल. आणि निकाल दोनदा तपासल्याशिवाय घरी एक अक्षर बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल."

इस्पितळातली ती खोली दोन खाटांची होती, पण दुसरी खाट रिकामी होती. आई पोस्टातल्या कामावरून थेट आली होती. मुंगीने जेल भरलेली बोथट सुई हातात घेतली, तशी आई म्हणाली, "टोचणार नाही ना त्यांना?"

"नाही गं. हिला टोकच नाहीये."

"मग थंड असेल. आधी मुठीत धरून गरम कर."

मुंगीने सुई मुठीत धरली. मी इतक्या डोक्यांवर बसले, पण जेल गरम करून घातलेले हे पहिलेच. बाबांचे केस विरळ आणि मऊ होते. त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि धुना सुरू झाल्या. खोलीत कुणाला काही ऐकू येत नव्हते. फक्त पडदा दिसत होता, आणि पडद्यावरचे ते वर्तुळ झाकायचे मुंगी विसरली.

वर्तुळ हिरवे झाले.

"हिरवं म्हणजे काय गं?" आईने विचारले.

मुंगीच्याने राहवले नाही. "म्हणजे ओळखलं."

"काय ओळखलं?"

"कुठली धून चालू आहे ते."

"कोणी?"

"प्रोग्रॅमने. बाबांच्या डोक्यातून."

पुन्हा हिरवे झाले. आई खुर्ची ओढून पलंगाला अगदी लागून बसली. बेसूरने मुंगीकडे पाहिले आणि म्हणाला, "जरा बाहेर ये." तिने मॅडमना दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला तो तिला व्हरांड्यात घेऊन गेला.

खोलीत आई, बाबा आणि मी उरलो. आई बाबांच्या कानाशी वाकली. हेडफोनची कड तिने अलगद उचलली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझ्यावर रागावला नाहीत ना?"

वर्तुळ हिरवे झाले.

आईने डोळे मिटून घेतले. पोरे आत आली तेव्हा ती बाबांच्या चादरीची घडी सारखी करत होती.

त्यानंतर आई बदलली. हे मला मुंगीच्या बोलण्यातून कळे. आई रोज कामावरून थेट इस्पितळात जाई आणि बाबांशी बोलत बसे. कुणाच्या पत्त्यात काय गंमत होती, शाळेतला पियानो सुरातून कसा उतरलाय, आत्या कशी तिच्याच मुलाला ओरडली. आत्याला तर तिने फोनवर सांगूनही टाकले, "ऐकतात ते. मुंगीने मशीनवर दाखवलं." ती आता रात्री झोपते, असेही मुंगी एकदा म्हणाली. मॅडमनी फक्त विचारले, "दोनदा तपासलंस?" मुंगी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात."

पोस्टरची तयारी चालू असताना ते घडले. बेसूरने मला धुऊन, ओली असतानाच टकलूवर चढवले. हेडफोन नेहमीप्रमाणे टकलूच्या कानांवर अडकवले. माझी वेणी पेटीतून काढायची राहून गेली होती आणि धुना बंद करायच्याही. मुंगी पाठमोरी बसून पोस्टरचा मजकूर लिहीत होती.

बेसूर हसायला लागला. "मुंगे, बघ. टकलूलापण गाणं आवडतंय."

मुंगीने वळून पाहिले. पडद्यावरचे वर्तुळ हिरवे होते.

तिने धून बदलली. हिरवे. हेडफोनची पिन काढली. करडे. परत खोचली. हिरवे. हे ती कितीतरी वेळ करत राहिली. बेसूरचे हसणे केव्हाच थांबले होते.

"कदाचित फक्त—" तो म्हणाला.

"कदाचित काही नाही," मुंगी म्हणाली. "टकलूला मेंदू नाहीये."

मॅडमना बोलावले. त्यांनी एकदाच पाहिले आणि स्टुलावर बसल्या. मित्रांनो, झाले होते ते असे. हेडफोनमध्ये गाणे आधी विजेच्या रूपात येते आणि कानाशी त्याचा आवाज होतो. ती वीज माझ्या तारांना लागूनच वाहत होती, आणि तिचा अंश माझ्यात उतरत होता. मेंदूतून आले काय आणि वायरीतून आले काय, मला दोन्ही सारखेच. जे येईल ते मी पुढे पाठवते. मॅडमच्या 'टिंग'च्या प्रयोगात मेंदूचे उत्तर आवाजानंतर जरा उशिरा येई, त्यामुळे गळती बाजूला काढता येई. म्हणून इतकी वर्षे तेच हेडफोन चालून गेले. पण सबंध धून वाजत असताना गळती आणि उत्तर एकमेकांत मिसळून गेले. मुंगीच्या हुशार प्रोग्रॅमने सोपे होते तेच पकडले. तो मेंदूतले गाणे ओळखत नव्हता. तो हेडफोनमधले गाणे ओळखत होता.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तू शिकायला आली आहेस. मला हे सुचायला हवं होतं."

मुंगीने विचारले, "आईला काय सांगू?"

मॅडमनी टकलूच्या कानांवरचे हेडफोन काढून खणात टाकले.

त्यांनी दुसऱ्या प्रकारचे इयरफोन मिळवले. त्यात आवाज दूरच्या डबीत तयार होतो आणि प्लास्टिकच्या नळीतून कानात येतो. डोक्याजवळ वीज नाही, म्हणून गळतीही नाही. विद्यार्थ्यांवर पुन्हा प्रयोग केले. वर्तुळ आता जेमतेम हिरवे होई, पण नुसत्या अंदाजापेक्षा थोडे जास्त. म्हणजे खऱ्या मेंदूतून काहीतरी खरे येत होते. मग एका संध्याकाळी मला पुन्हा इस्पितळात नेले. या वेळी मुंगीने पडदा भिंतीकडे वळवून ठेवला आणि ती स्वतः भिंतीला टेकून बघत राहिली. हिरवे, करडे, करडे, हिरवे, करडे. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी एवढेच जमले असते.

आई पलंगाशी बसली होती. "काय म्हणतात?" तिने विचारले.

"आई, मागच्या वेळचं चुकलं होतं."

"काय चुकलं?"

मुंगीने सांगितले. हेडफोन, वायर, टकलू, नळ्या, सगळे सांगितले. आई ऐकत होती, पोस्टाच्या खिडकीत एखादा लांबलचक पत्ता ऐकावा तशी.

"म्हणजे त्यांना ऐकू येत नाही," ती शेवटी म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी. येतं की नाही ते आपल्याला सांगता येत नाही."

"ते आधीपण सांगता येत नव्हतं."

"हो."

बेसूर इयरफोनच्या नळ्या गुंडाळत होता. तो त्या तशाच ठेवून बाहेर गेला.

आई म्हणाली, "ते ज्या दिवशी कोसळले ना, त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून, तर त्यांची हत्यारं. जेवणाच्या टेबलावर ठेवलेली, ओरखडा पडला होता. दारातून म्हणाले, आज उशीर होईल. मी म्हटलं, सावकाश या, इथे कुणी वाट बघत नाही."

मुंगी पलंगाच्या कडेला टेकली.

"तुम्ही दोघं बाहेर गेला होतात तेव्हा मी त्यांना विचारलं, रागावला नाहीत ना. तुझं ते हिरवं झालं." आईने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले. "मग ते कुठून आलं गं?"

मित्रांनो, मुंगीला खोटे बोलता आले असते. त्या खोलीत तिला अडवणारे कुणी नव्हते. पण आईने तिच्याकडे बघून विचारले होते.

"वायरीतून," मुंगी म्हणाली.

"वायरीतून," आई म्हणाली, आणि मान डोलावली. मुंगी मला काढायला पुढे झाली, तेव्हा आईने तिचा हात धरला. "लगेच काढायची असते का?"

"नाही."

"मग राहू दे जरा. आणि ते मशीन बंद कर."

मुंगीने पेटी बंद केली, पडदा बंद केला. आई पुन्हा बाबांच्या कानाशी वाकली. या वेळी तिने आवाज लहान केला नाही. "अहो, त्या दिवशी मी वाट बघत होते. जेवण झाकून ठेवलं होतं. रागावला असाल तर रागवा, पण हे माहीत असू दे."

तुम्ही आता मला विचाराल, "टोपीताई, तू तर त्यांच्या डोक्यावरच होतीस. तुला काय कळले?" सगळी मुले मला हेच विचारतात. तेव्हा मी काय टिपत होते ते सांगते. भिंतीपलीकडच्या लिफ्टची मोटर. छताचा दिवा. बाबांच्या पापण्यांची फडफड, जी त्यांची रोजचीच होती. आणि या सगळ्याच्या खाली, एक संथ, रुंद लाट. आई बोलत असताना ती लाट बदलली का? मी जिवाचा कान करून थांबले होते. मला नाही कळले. मी भिंतीबाहेरच होते.

आईने मग स्वतःच्या हाताने मला उतरवले. टॉवेल कोमट पाण्यात पिळून बाबांच्या केसांतले जेल पुसले, आणि मुंगीने कंगवा दिला.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच बाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोस्टर दाखवण्याचा कार्यक्रम होता. येऊ नकोस, असे मॅडम म्हणाल्या होत्या, पण मुंगी आली. तिच्या पोस्टरवर बाबांचे काहीच नव्हते. टकलूचा फोटो होता, डोक्यावर मी, कानांवर हेडफोन, आणि खाली लिहिले होते की या डोक्याने तिन्ही धुना अचूक ओळखल्या. लोक थांबून हसत. मग मुंगी त्यांना गळती समजावून सांगे, ती कशी शोधायची ते सांगे, आणि हसणारे गंभीर होऊन टिपून घेत. "फार उपयोगी काम केलंस," असे पुष्कळ जण म्हणाले. ती प्रत्येकाला "थँक यू" म्हणाली. तीन धुनांपैकी तिसरी कुठली, असे एका वयस्कर बाईंनी विचारले. तेवढ्यात बेसूर पुढे झाला आणि म्हणाला, "ती आमच्या ओळखीच्या एकांची आहे." मुंगी पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढच्या सुट्टीत दुसरी मुले आली, त्यांच्यासाठी दुसरी टोपी आली. तिला जेल लागत नाही आणि तारांची वेणीही नाही. मला शेवटचे कुणी धुतले ते आठवत नाही. चकत्यांत जेल वाळून खडे झाले आहेत. कापडाचा ताण गेला. कुणीतरी घाईत वेणी ओढली, त्यात दोन तारा तुटल्या. आता मी खणात पडून असते. यंत्रे आणि साधने वापरून झाली की धुऊन, पुसून ठेवत जा, एवढे तुम्हाला सांगायचे होते. त्यांनी सांगितलेले लगेच खरे धरू नका, हेही सांगायचे होते. विशेषतः जे ऐकायला तुम्ही आसुसलेले असाल ते.

पण मित्रांनो, खरी विनंती वेगळीच आहे. मी माणसाच्या जितकी जवळ गेले, तितकी त्याच्या डोक्याखालची उशीसुद्धा गेली नसेल, आणि तरी एका बाईला हवे असलेले एक उत्तर मला आणून देता आले नाही. कुणाला कधी आणून देता येईल असे मला वाटत नाही. तेव्हा आज घरी कुणाशी भांडला असाल, तर ते माणूस अजून पायात चपला सरकवते आहे, किल्ली शोधते आहे, तोवर दारापर्यंत जा. तुमच्यावर रागावले असेल तर त्याला तसे म्हणू द्या. तोंडावर म्हणू द्या.